जगाच्या इतिहासाचा प्रकल्प: मुलांना विषय देऊ नका, प्रश्न द्या

मॅडम, तुमची अडचण मला समजली ती अशी. नववी-दहावीच्या वर्गात साठ मुलं, शिकवायचा जगाचा इतिहास. प्रकल्प म्हटलं की हातात येतात स्टेशनरीच्या दुकानातली चिकटवायची चित्रं, नेटवरून छापून आणलेली पानं आणि आता मोबाइलला विचारून उतरवलेला मजकूर. ‘पहिले महायुद्ध’ हा विषय दिला तर साठही वह्या सारख्याच निघतात. सोलापुरात परदेशी वस्तूंचं संग्रहालय नाही, अभिलेखागार नाही. मग मुलांनी करायचं काय आणि आपण तपासायचं काय?

मी सोलापुरातच बरीच वर्षं इतिहास शिकवतो आहे, त्या अनुभवावर सांगतो. आपण मुलांना विषय देतो, गडबड तिथे सुरू होते. ‘फ्रेंच राज्यक्रांती’, ‘हिटलर’, ‘औद्योगिक क्रांती’ यांच्यावर सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. मुलानं ते उतरवून काढलं तर त्याला तरी काय दोष द्यायचा? त्याच्या जागी छोटासा प्रश्न दिला, सोबत बघायला एखादा जुना कागद, आकडा, वस्तू किंवा बोलायला एखादं माणूस दिलं आणि ‘तुला काय वाटतं ते कारणासकट सांग’ असं म्हटलं, की तीच मुलं वेगळी वागतात. प्रश्न पारखायला माझी एकच चाचणी आहे. त्याचं तयार उत्तर दोन मिनिटांत सापडत असेल तर तो प्रकल्पाचा प्रश्न नव्हे.

‘पहिल्या महायुद्धाची कारणे’ या चाचणीत नापास होतं. ‘आपल्या किंवा मामाच्या गावातून पहिल्या महायुद्धाला कुणी गेलं होतं का, आणि गेलं असेल तर का गेलं असेल?’ हा प्रश्न टिकतो. महाराष्ट्रात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा मजकूर तिच्यावर असतो. सुट्टीत गावी गेलेल्या मुलांना ती शोधायला सांगा. नाही सापडली तरी हरकत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृत सैनिकांची यादी नेटवर फुकट पाहता येते. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं त्या युद्धासाठी समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अडकून पडले होते. नकाशावर मुंबई ते बसरा आणि तिथून तैग्रिस नदीच्या काठानं कुत अशी रेघ मुलानं स्वतः ओढली, की युरोपातल्या राजपुत्राच्या खुनाशी या शेतकऱ्याचा काय संबंध, हा प्रश्न तो आपणहून विचारतो. आपल्याला हवं असतं ते हेच.

कापूस

सोलापूरच्या मुलाला जगाच्या इतिहासात शिरायला कापसाइतकी रुंद वाट दुसरी नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या बहुतांश त्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. त्या बंद पडू लागल्या, कामगारांची उपासमार झाली, आणि इंग्लंडचे व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. मुंबईत भाव कडाडले, पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेढ्या व बँका बुडाल्या. आता आपल्या बाजूनं पाहा. रेल्वे सोलापूरला पोचली १८६० मध्ये, युद्धाच्या आदल्याच वर्षी. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जाणारा माल आता आगगाडीनं मुंबईला आणि तिथून जहाजानं लिव्हरपूलला जाऊ शकत होता.

यावर मी देतो तो प्रश्न असा: अमेरिकेतल्या युद्धामुळे आपल्या भागात कुणाचं भलं झालं, ते किती दिवस टिकलं आणि कुणाचं नुकसान झालं? गटातल्या प्रत्येक मुलाला एक भूमिका वाटून द्या. एक कापूस पिकवणारा शेतकरी, एक सावकार, एक अडत्या, एक गाडीवान, एक हातमागावरचा विणकर. वाढलेल्या भावानं सगळेच खूश होतील असं मुलांना आधी वाटतं. पण विणकराची भूमिका घेतलेलं मूल, आणि आपल्या पूर्व भागातल्या शाळांत ते बहुधा विणकराच्याच घरातलं असतं, थोड्या वेळानं हात वर करतं. सूत महागलं तर आमचं काय? एकच घटना एकाला सुगी आणि दुसऱ्याला संकट कशी होते, हे त्याला आपण सांगावं लागत नाही.

साधन म्हणून १८८४ साली निघालेलं मुंबई इलाख्याचं सोलापूर जिल्हा गॅझेटियर वापरा. ते नेटवर फुकट मिळतं. शेती, दुष्काळ, व्यापार, रेल्वे, मजुरी आणि भाव यांची प्रकरणं त्यात आहेत. अख्खं पुस्तक मुलांच्या अंगावर टाकू नका. एक पान निवडा, त्यातल्या आठ-दहा ओळींचं सोप्या मराठीत भाषांतर करून द्या आणि मूळ पानाची झेरॉक्स सोबत जोडा. एका गटाला एक पान पुरतं. हे गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहवून घेतलं आहे, हे मुलांना आधीच सांगा आणि विचारा, की यात शेतकरी स्वतः कुठे बोलतो का? बऱ्याच पानांवर तो बोलत नाही. गप्प राहिलेल्या माणसाची बाजू कशी शोधायची, हा इतिहासातला फार मोठा धडा आहे आणि तो चौदाव्या वर्षी शिकता येतो.

पुढे जायची तयारी असलेल्या मुलांना १८७५ चे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले सावकारांविरुद्धचे दंगे आणि १८७६ ते १८७८ चा दुष्काळ द्या. आपल्या जिल्ह्याला त्या दुष्काळाचा जबर तडाखा बसला होता. कापसाचे भाव पडले म्हणून दंगे झाले, असं सरळ उत्तर मुलं देतील. त्यांना थांबवा. मधली दहा वर्षं काय झालं? सारा वाढला होता का? पाऊस कसा होता? सावकारानं कर्ज देणं का थांबवलं? एका कारणावर समाधान मानायचं नाही, ही सवय इथे लागते.

एक काळजी मात्र घ्या. प्रकल्प बार्शी-सोलापुरात सुरू झाला तरी तिथेच संपता कामा नये, नाहीतर तो स्थानिक इतिहास होतो. अमेरिकेत हा कापूस वेचत कोण होतं? १८६० मध्ये तिथे सुमारे चाळीस लाख माणसं गुलामीत होती. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून उपाशी राहिलेल्या कामगारांतले कित्येक जण तरीही गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या बाजूनं उभे राहिले. १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकननं त्याला उत्तर दिलं. ही दोन्ही पत्रं उपलब्ध आहेत. स्वतःची चूल विझलेली असताना परक्यांच्या मुक्तीची बाजू का घ्यावी? गिरणगावातल्या मुलांनी यावर लिहिलेलं वाचताना मला दरवर्षी नव्यानं काही सापडतं.

१९३० आणि दोन गिरणगावं

चार हुतात्म्यांचे पुतळे आपली मुलं रोज पाहतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन ही नावं त्यांना पाठ असतात. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली, ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला, १२ मेला लष्करी कायदा लागू झाला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आपण हे भारताच्या स्वातंत्र्यलढ्यात शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण ही बातमी त्या वेळी जगभर छापून आली होती, हे मुलांना ठाऊक नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘पेपर्स पास्ट’ ही जुन्या वर्तमानपत्रांची दोन भांडारं नेटवर फुकट खुली आहेत. त्यांत मे १९३० निवडा आणि शहराचं नाव जुन्या इंग्रजी पद्धतीनं, म्हणजे ‘शोलापूर’ असं लिहून शोधा. शाळेतल्या एका संगणकावर दोन-तीन बातम्या छापून घेतल्या की वर्गाला पुरतात. मग मुलांना बातमीतल्या वाक्यांखाली दोन रंगांनी रेघा मारायला सांगा. जे घडलं ते एका रंगानं, बातमीदारानं त्याला दिलेला अर्थ दुसऱ्या रंगानं. ‘जमाव’, ‘दंगलखोर’, ‘निदर्शक’ यांतला कोणता शब्द कुणी वापरला? बातमी कुठून पाठवलेली आहे? माहिती कुणाकडून आलेली दिसते? त्यानंतर हीच घटना आपल्या पाठ्यपुस्तकात आणि पुतळ्याजवळच्या फलकावर कशी लिहिली आहे ते शेजारी ठेवायचं. मुलं चिडतात, आपल्या हुतात्म्यांबद्दल असं लिहिलंच कसं म्हणून. ती चीड खरी असते, तिला मान द्या. त्याच तासाला हेही विचारा, की तिथल्या वाचकाला एवढं एकच वर्तमानपत्र मिळत असेल तर त्याची सोलापूरबद्दल काय समजूत झाली असेल?

याचा दुसरा भाग मला अधिक आवडतो. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन भागात गेले आणि परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटले. त्या कामगारांनी त्यांचं स्वागत केलं. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी, असा त्या वेळचा प्रसिद्ध फोटो आहे. तो फोटो वर्गात दाखवा आणि प्रश्न द्या, की लँकेशायरच्या बेकारीला स्वदेशी जबाबदार होती का? १९१३ मध्ये लँकेशायरचं सुमारे तीनशे कोटी यार्ड कापड हिंदुस्थानात आलं होतं, १९३० च्या दशकात त्याचा लहानसा हिस्सा उरला. पण मध्ये पहिलं महायुद्ध झालं, मुंबई-अहमदाबाद-सोलापूरच्या गिरण्या वाढल्या, जपानचं स्वस्त कापड आलं आणि १९२९ ची जागतिक मंदी आली. चार कारणांचे चार कागद करा आणि गटाला महत्त्वाच्या क्रमानं लावायला सांगा. क्रम कोणताही चालेल, त्याचं समर्थन मात्र आलं पाहिजे. आपल्या शहरातली प्रत्येक आजी-आजोबांची पिढी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावत होती, आणि त्या गिरण्या बंद पडल्यावर घरात काय झालं हे मुलांनी ऐकलेलं आहे. म्हणूनच डार्वेनच्या कामगाराचं दुःख त्यांना परकं वाटत नाही.

डॉ. कोटणीस

चीनमध्ये जखमींची सेवा करायला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकाला भेट बहुतेक शाळा देतात. भेटीनंतर लिहून येतं ते ‘जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू’. हे सगळं माहितीफलकावर आहेच. त्याऐवजी भेटीच्या आधीच मुलांना एकेक प्रश्न चिठ्ठीवर द्या. १९३८ मध्ये भारत स्वतंत्र नव्हता, सरकार इंग्रजांचं होतं, मग काँग्रेसनं चीनला डॉक्टरांचं पथक पाठवलं ते कोणत्या नात्यानं? पथकात पाच डॉक्टर होते, कोटणीसच तिथे का राहिले? जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर केलेलं आक्रमण आपण दुसऱ्या महायुद्धात मोजायचं की नाही? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आपली पाठ्यपुस्तकं युद्धाची सुरुवात १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवरच्या हल्ल्यानं करतात. चिनी मुलाला विचारलं तर तो काही वर्षं आधीची तारीख सांगेल. युद्ध कधी सुरू झालं हे कुठे उभं राहून पाहतो त्यावर ठरतं, हे सोलापूरच्या मुलाला कळण्यासाठी कोटणीसांइतकं जवळचं उदाहरण नाही.

ते ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी चीनमध्ये गेले. चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. मधे १९६२ चं युद्ध झालेलं. मोठ्या वर्गातल्या मुलांना एवढंच विचारा, की दोन देश भांडलेले असताना एखाद्या माणसाची आठवण दोघांनीही जपावी, यात कुणाची काय गरज असेल? स्मारकं आणि तिकिटं हीसुद्धा कुणीतरी काही हेतूनं तयार केलेली साधनं असतात, हे इथे अलगद कळतं.

घरातली माणसं

शीतयुद्धाचा धडा मुलांना सगळ्यात कोरडा वाटतो. त्याला माझ्याकडे एक उपाय आहे. १९७२ च्या दुष्काळात आठ-दहा वर्षांच्या असलेल्या माणसांना मुलांनी विचारायचं, तेव्हा तुम्ही काय खाल्लं? उत्तरात ‘मिलो’ येणारच. रेशनवर मिळणारी ती लालसर परदेशी ज्वारी, तिची भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. आता प्रश्न, की हे धान्य आपल्या जिल्ह्यात आलं कसं? अनेक जण सांगतील, अमेरिकेनं मदत म्हणून दिलं. साठच्या दशकात पीएल ४८० या कायद्याखाली अमेरिकेचं धान्य सवलतीनं येत होतं, हे खरं. पण १९७१ च्या युद्धानंतर परिस्थिती बदलली होती आणि १९७२-७३ मध्ये भारताला बाजारभावानं धान्य विकत घ्यावं लागलं. त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघानं अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात धान्य खरेदी केलं आणि जगभर भाव चढले. म्हणजे आजीच्या ताटातली भाकरी, दोन महासत्तांचा सौदा आणि आपल्याकडचा न पडलेला पाऊस हे एकाच वर्षात एकमेकांना भिडले. आजीच्या आठवणीतलं वर्ष ६६ चं की ७२ चं, हे मुलांनी इतर खुणांवरून पडताळायचं. घरात तेव्हा कुणाचं लग्न झालं, कोण जन्मलं. आठवण ही साधन आहे, पण तीही तपासावी लागते.

मुलाखतीबद्दल दोन गोष्टी जपा. आधी परवानगी, आणि एखादी गोष्ट सांगायची नसेल तर तिथेच थांबायचं. दुष्काळाच्या आठवणींत भुकेनं गेलेली भावंडं असतात. दुसरं, मुलाखत घरच्या भाषेतच होऊ द्या. आपल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा सगळ्या घरांतली मुलं असतात. आईची किंवा आजीची दोन वाक्यं तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दांत लिहायची आणि खाली मराठीत अर्थ द्यायचा, असा नियमच करा. विड्या वळणाऱ्या घरांत हजार विड्यांचा हिशेब चुकला तर मजुरी जाते. तेव्हा बसवून मुलाखत घेण्याऐवजी काम चालू असताना शेजारी बसून ऐकावं आणि नंतर लिहावं.

जिथे सोलापूर नाही

सगळं ओढूनताणून आपल्या गावाशी जोडू नका. फ्रेंच राज्यक्रांतीला सोलापूर लागत नाही, तिला आकडे लागतात. १७८९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडांच्या पावाला साडेचौदा सू (फ्रान्सचं तेव्हाचं छोटं नाणं) पडत होते. एरवी तो आठ-नऊ सूला मिळे. बांधकामावरचा मजूर दिवसाला पंचवीस-तीस सू कमवायचा आणि चार माणसांच्या घराला रोज असे सुमारे दोन पाव लागत. गणित मुलांनाच करू द्या. भाडं, जळण, कपडे यांना काय उरलं? मग घरी जाऊन स्वतःच्या घरातल्या ज्वारी-तांदळाचा रोजचा खर्च कमाईच्या कितवा भाग आहे ते काढायचं. तो आकडा वर्गात वाचून दाखवायची सक्ती नको. एका तासाचा हा स्वाध्याय वीस पानांच्या वहीपेक्षा जास्त शिकवतो.

त्याच धड्यावर दुसरा छोटा स्वाध्याय आहे. १४ जुलै १७८९ ला, ज्या दिवशी बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडला, त्या तारखेपुढे सोळाव्या लुईच्या रोजनिशीत ‘काही नाही’ अशी नोंद आहे. मुलं लगेच म्हणतात, राजा किती बेफिकीर! मग सांगा, की ही रोजनिशी मुख्यतः शिकारीची नोंदवही होती. आता निष्कर्ष बदलायचा का? किती बदलायचा? साधन कशासाठी लिहिलं गेलं हे न पाहता निवाडा करू नये, हे या एका नोंदीतून वर्षभर लक्षात राहतं. १७९१ च्या राज्यघटनेसाठी मी पात्रांच्या चिठ्ठ्या वापरतो. वकील, चांभार, धोबीण, सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या (आजच्या हैतीतल्या) उसाच्या मळ्यातला गुलाम, मजुरी करणारा बावीस वर्षांचा तरुण. मत फक्त पंचवीस वर्षांवरच्या आणि तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना. कोण उभं राहील, कोण बसेल? वर्गातल्या सगळ्या मुली बसलेल्या दिसल्या की ‘सर्व माणसे समान’ या घोषणेबद्दलची चर्चा आपोआप पेटते. सां-दोमिंगचे गुलाम त्याच वर्षी उठले आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला, हे तिथेच जोडून घ्या. आपल्याकडे हैती फार कमी शिकवला जातो, याची मला खंत आहे.

हिटलरबद्दल कळकळीनं सांगतो. ‘कणखर नेता’ म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्या वह्या आपल्याकडे येतात. त्याच्यावर चरित्रात्मक प्रकल्प देऊच नका आणि छळछावणीचं नाट्यीकरण तर कधीही नको. लाखो माणसांच्या मरणाचा वर्गात खेळ होता कामा नये. त्याऐवजी तारखांची पट्टी द्या. ३० जानेवारी १९३३, चॅन्सेलरपदी नेमणूक. २७ फेब्रुवारी, संसदभवनाला आग. २८ फेब्रुवारी, नागरी हक्क स्थगित. ५ मार्च, निवडणूक, तीतही नाझींना ४३.९ टक्केच मतं. २३ मार्च, संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार. १४ जुलै, इतर सगळे पक्ष बेकायदा. प्रत्येक तारखेखाली मुलांनी एकच प्रश्न सोडवायचा, या दिवशी हे कुणाला थांबवता आलं असतं? राष्ट्राध्यक्ष, न्यायाधीश, इतर पक्ष, वर्तमानपत्रं, शेजारी. लोकशाही एका रात्रीत जात नाही हे त्यातून समजतं. या धड्यावर घरचं काही जोडायचंच असेल तर कोल्हापूरजवळचं वळिवडे आहे. सोव्हिएत संघानं हद्दपार केलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतांश बायका-मुलं, इराणमार्गे तिथे आली आणि १९४३ ते १९४८ राहिली. त्यांच्या प्रवासाचा नकाशा काढणं हा सुंदर प्रकल्प होतो.

साठ मुलं, वेळ आणि गुण

पाच-पाचचे बारा गट, वर्षाला एकच मोठा प्रकल्प आणि सत्राला दोन छोटे स्वाध्याय. याहून जास्त देऊ नका. तपासून होत नाही आणि न तपासलेला प्रकल्प मुलांना बरोबर कळतो. मोठ्या प्रकल्पाला सहा आठवडे द्या, पण दर आठवड्याला काहीतरी बघा. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्न, दुसऱ्यात साधन कोणतं ते, पुढे कच्ची टिपणं. सगळं शेवटच्या दिवशी आलं तर ते रात्रीतून उतरवलेलंच असणार. टिपणांची वही साधी शंभर पानी, खाडाखोडीसकट चालेल. खर्च वहीच्या पलीकडे जायला नको, हे पालकांनाही कळवा. थर्माकोलची गिलोटिन आणि आयफेल टॉवर मी स्वीकारत नाही.

वीस गुण असतील तर माझी वाटणी अशी असते: प्रश्न आणि साधनाची निवड ५, टिपणांची वही ५, निष्कर्ष आणि त्यामागची कारणं ६, तोंडी ४. सजावटीला शून्य. तोंडीला गटातल्या कुणालाही, मी निवडीन त्या मुलाला, तीन मिनिटं प्रश्न विचारतो. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो, तुमचं म्हणणं चूक ठरवणारा एखादा पुरावा असेल तर तो कसा असेल? हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गट एकट्या हुशार मुलावर काम ढकलत नाही.

मोबाइलवरच्या एआयला बंदी घालून काही होत नाही. त्यालाच साधन बनवा. ‘१९३० चा सोलापूरचा लष्करी कायदा’ यावर त्याच्याकडून उत्तर छापून आणायचं आणि गटानं त्यातलं प्रत्येक विधान पाठ्यपुस्तक, जुनी बातमी किंवा ग्रंथालयातल्या पुस्तकाशी ताडून समोर बरोबर, चूक किंवा ‘पुरावा मिळाला नाही’ असं लिहायचं. पुस्तकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात गटाला एकदा स्वतः घेऊन जा. ग्रंथपालांना आधी भेटून विषय सांगितला की ते पुस्तकं काढून ठेवतात. एकदा यंत्राची चूक स्वतःच्या हातानं पकडली की मुलं पुढच्या वेळी डोळे झाकून उतरवत नाहीत.

तुम्ही यंदा नव्यानं सुरू करणार असाल तर सगळं एकदम उचलू नका. पहिल्या सत्रात पावाच्या भावाचा एक तास आणि लुईच्या नोंदीचा एक तास घ्या. दिवाळीच्या सुट्टीत १९७२ ची मुलाखत द्या, कारण तेव्हा सगळे नातेवाईक घरी असतात. दुसऱ्या सत्रात कापूस किंवा कोटणीस, दोन्हींपैकी एकच. मुलाखती परत देऊन टाकू नका. सांगणाऱ्याची संमती घेऊन नाव, गाव, अंदाजे वय आणि तारीख वर लिहून शाळेच्या ग्रंथालयात एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच फाइल साधन म्हणून देता येते, आणि आधीच्या तुकडीनं काय विचारायचं राहून गेलं ते शोधणं हा त्यांचा पहिला स्वाध्याय होतो.